सातच्या पुढची मोजणी

१९९१ च्या जुलैत मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील एका दोन शिक्षकी शाळेत रुजू झालो. पहिलीच्या वर्गात तेवीस मुले होती. पहिल्याच आठवड्यात मी प्रत्येकासमोर मूठभर चिंचोके ठेवले आणि मोजायला सांगितले. भिंतीला टेकून बसलेल्या एका मुलाने चिंचोके एकेक करून पुढे सरकवायला सुरुवात केली आणि अगदी हळू आवाजात तो म्हणाला, “उंदी, रंड...” त्यातला दुसरा शब्द माझ्या मराठी कानाला शिवीसारखा लागला. मागच्या रांगेतली, शेजारच्या मोठ्या गावातून आलेली दोन मराठी मुले खुदकन हसली. वर्गात शिवी दिली म्हणून मी त्या मुलाच्या पाठीत धपाटा घातला. त्याने हातातला चिंचोका खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि नंतर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तो वर्गात एक अक्षरही बोलला नाही.

गोंडीत ‘रंड’ म्हणजे दोन. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सयुंग, सारुंग, येडुंग, म्हणजे एक ते सात. हे मला माझ्या सहकारी शिक्षकाने सांगितले नाही, कारण त्यालाही ते ठाऊक नव्हते, आणि डी.एड.च्या दोन वर्षांत कोणी शिकवलेही नव्हते. ज्या जिल्ह्यात मला पाठवले जाणार होते तिथल्या मुलांच्या घरात कोणती भाषा बोलतात हा प्रश्न त्या दोन वर्षांत एकदाही निघाला नव्हता. पावसाळ्यात शाळेच्या पडवीत आसऱ्याला आलेल्या एका म्हाताऱ्याने बोटांवर मोजून दाखवले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मला त्या धपाट्याची जी लाज वाटली ती आज चौतीस वर्षांनीही कमी झालेली नाही. त्या रात्री मी एक शंभर पानी वही काढली आणि पहिल्या पानावर हे सात आकडे लिहिले. सातच्या पुढे मुले ‘आठ, नऊ, दहा’ असेच म्हणत, म्हणून मी तिथे एक रेघ ओढून ठेवली. गोंडीत सातच्या पुढे मोजणी नाही अशी माझी समजूत झाली, आणि खरे सांगायचे तर या लोकांना सातापलीकडे मोजायची गरजच कुठे पडत असेल, असाही एक विचार तेव्हा मनात येऊन गेला. तो विचार कुठून आला असेल याचा शोध मी पुढे बरीच वर्षे घेत राहिलो.

सहा वर्षांनी एका लग्नात बसलो असताना त्या आकड्यांचा दुसरा अर्थ कळला. गोंड समाजात घराणी देवांच्या संख्येवरून विभागलेली असतात. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. सारख्या संख्येचे देव असलेली घराणी एकमेकांचे भाऊ, त्यांच्यात सोयरीक होत नाही. आदिलाबादकडच्या राजगोंडांत याच विभागांना नालवेन, सिवेन, सारवेन आणि येरवेन सगा म्हणतात. म्हणजे माझ्या वर्गातला तो मुलगा ‘नालुंग, सयुंग, सारुंग’ म्हणायला शिकला होता ते केवळ चिंचोके मोजण्यासाठी नव्हे. कोणत्या घरात आपण पाहुणे आणि कोणत्या घरात भाऊ, कोणाच्या मरणात आपल्याला काय करायचे आहे, कोणाची मुलगी आपल्या घरात सून म्हणून येऊ शकते, हे सारे त्या आकड्यांत होते. मी त्याला ‘चार, पाच, सहा’ शिकवले, परीक्षेत त्याने ते बरोबर लिहिले आणि मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. त्या मराठी चारात आणि पाचात मात्र त्याचे कोणीच नव्हते.

इथे माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यातला. घरात आम्ही ‘मले’, ‘तुले’, ‘कायले’ बोलत मोठे झालो. अध्यापक विद्यालयात पाठ घेताना माझ्या तोंडून ‘मले सांग’ निघाले आणि निरीक्षण करणाऱ्या प्राध्यापकांनी सगळ्या वर्गासमोर मला तेच वाक्य ‘शुद्ध’ करून पाच वेळा म्हणायला लावले. तेव्हा तोंडाला पडलेली कोरड माझ्या अजून लक्षात आहे. पण वऱ्हाडी ही मराठीचीच बोली. माझी लाज दोन कोसांची होती, त्या मुलाला समुद्र ओलांडून यायचे होते. गोंडीला आपण सर्रास ‘बोली’ म्हणतो, जणू ती मराठीचीच एखादी अडाणी बहीण असावी. प्रत्यक्षात ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. हाताला ती ‘कय’ म्हणते आणि डोळ्याला ‘कन’, आणि तमिळ-कन्नड बोलणाऱ्याला हे शब्द लगेच ओळखीचे वाटतील.

तिचे व्याकरणही वेगळे आहे. गोंडीच्या क्रियापदात एकवचनी पुरुष एकीकडे आणि स्त्री व इतर साऱ्या वस्तू दुसरीकडे असतात, मराठीसारखी तीन लिंगांची विभागणी तिथे नाही. त्यामुळे मुले ‘बाई आला’, ‘गाय गेलं’, ‘माय बसलं’ असे काहीही म्हणत आणि गटसंमेलनात आम्ही शिक्षक एकमेकांना ती वाक्ये सांगून हसत असू. मीही हसलो आहे. मूल चुकत नव्हते, ते आपल्या भाषेच्या पक्क्या नियमाला धरून परक्या भाषेत वाट काढत होते, आणि त्या नियमाचा पत्ताच नसलेले आम्ही त्याला ‘मंद’ म्हणून नोंदवत होतो. पहिलीच्या निकालपत्रकात शेऱ्याच्या रकान्यात ‘अबोल’ हा शब्द माझ्याच अक्षरात किती वेळा लिहिला गेला आहे, हे मी पुढे मुद्दाम मोजले. तेवीसपैकी चौदा मुलांपुढे तो शेरा होता. ती चौदा मुले शाळा सुटताच नदीच्या वाटेवर एवढा गलका करत की पाखरे उडत.

आणि मराठी तरी गोंडीला कितीशी परकी आहे? आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे तर ‘आम्ही’, त्याला सोबत घ्यायचे तर ‘आपण’. हिंदीत हा भेद असा नाही. द्राविडी भाषांत तो आहे, गोंडीच्या काही बोलींतही आहे, आणि मराठीने तो द्राविडी भाषांच्या सहवासातूनच घेतला असावा असे अनेक अभ्यासक मानतात. ज्या भाषिक कुळाने आपल्याला ‘आपण’ म्हणायला शिकवले त्याच कुळातल्या मुलाला शाळेत आपण ‘तुम्ही लोक’ म्हणत आलो, ही बोच मला राहिली आहे.

वसाहतवादाबद्दल मराठीत लिहिताना आपण स्वाभाविकपणे इंग्रजांपासून सुरुवात करतो. मेकॉलेचे टिपण, १८३५. इंग्रजी शाळा, कारकून, आपल्या भाषेची उपेक्षा. हे सारे खरे आहे, पण गोंडांच्या बाजूने पाहिले तर गोष्ट आधी सुरू होते. चांदा (आजचे चंद्रपूर), देवगड, गढा ही गोंडांची राज्ये होती. ज्या नागपुरात मी आज राहतो ते शहर देवगडच्या बख्त बुलंद शाहाने वसवले. अठराव्या शतकाच्या मध्यावर नागपूरकर भोसल्यांनी देवगड आणि चांद्याची सत्ता घेतली आणि १८५४ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांची. म्हणजे गोंडांना एकामागून एक दोन राजवटी आल्या आणि त्यातल्या पहिलीची भाषा आपली होती. १८५८ च्या २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले गेले. पुढे १८७८ चा जंगल कायदा आला आणि ज्या रानात राहत होते त्याच रानात गोंड गुन्हेगार ठरले. या काळात त्यांच्या दारात साहेब स्वतः फारसा येत नसे. येई तो जंगलाचा शिपाई, पटवारी, सावकार, कंत्राटदाराचा मुनीम, आणि तो बोले मराठी नाही तर हिंदुस्थानी. माझ्या कानावर पडणाऱ्या गोंडी बोलण्यात ‘दंड’, ‘वसुली’, ‘पट्टा’ हे शब्द जसेच्या तसे येत. लोक कोणत्या शब्दांसाठी दुसऱ्याची भाषा घेतात यावरून त्या दुसऱ्याने त्यांना काय दिले ते कळते.

इंग्रजांनीही भाषाभाषांत भेद केला. मराठीला १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश मिळाला, मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली शालेय पुस्तके झाली, तिचे प्रमाण रूप ठरले, छापखाने आले. तिच्यावर अन्यायही झाला, पण शाळेची भाषा म्हणून ती उभी राहिली. गोंडीच्या वाट्याला संग्रहालय आले. नागपूरला आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप गावोगाव फिरून गोंडांची गाणी आणि कथा उतरवून घेत. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावले आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यात लिंगोची कथा आहे, गोंडांच्या उत्पत्तीची, डोंगराच्या गुहेतून त्यांना सोडवून आणून गोत्रांत बसवणाऱ्या लिंगोची. हिस्लॉप यांच्या त्या श्रमांबद्दल माझ्या मनात आदर आहे, त्यांनी ते केले नसते तर बरेच काही हरवले असते. परंतु ते पुस्तक गोंडांसाठी नव्हते. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्राविडी भाषांवरचा खंड १९०६ मध्ये निघाला, त्यात गोंडीचे नमुने नीट मांडलेले आहेत, तेही अभ्यासकांसाठी. ज्याची भाषा आहे त्याच्या मुलाच्या हातात जाईल असा एक कागद निघायला आणखी बराच काळ जायचा होता.

तो निघाला, आणि ज्या ठिकाणी निघाला त्या ठिकाणी मी मुद्दाम जाऊन आलो. तेव्हाच्या निजामाच्या राज्यातला आदिलाबाद जिल्हा, आता तेलंगणात. १९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीमू पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. जंगलातून हुसकावल्या जाणाऱ्या गोंडांचा तो पुढारी होता. या उठावानंतर हे लोक असे का पेटले ते पाहायला निजाम सरकारने क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाला तिकडे पाठवले. ते आणि त्यांची पत्नी मारलावाई या गोंड गावात जाऊन राहिले. त्यांच्या सल्ल्याने १९४३ मध्ये तिथे गोंड शिक्षक तयार करणारे केंद्र सुरू झाले. गोंडीत वाचनपाठ तयार झाले आणि ते देवनागरीत छापले गेले. राज्यकारभाराची भाषा उर्दू असलेल्या राज्यात गोंड मुलांना गोंड शिक्षक गोंडीतून शिकवू लागले. ज्या सत्तेने भीमूला मारले तिच्याच तिजोरीतून हे झाले, तरी झाले ते मोलाचेच होते.

त्याच आदिलाबादेत सेतुमाधवराव पगडी अधिकारी होते. आपण त्यांना शिवकाळाचे अभ्यासक म्हणून ओळखतो. मला मात्र ते आधी आठवतात ते गोंडी आणि तिथलीच दुसरी आदिवासी भाषा कोलामी शिकलेले मराठी अधिकारी म्हणून. गोंडीचे व्याकरण त्यांनी लिहिले. ते वाचताना मला रात्ररात्र झोप आली नाही असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, कारण ‘बाई आला’ या वाक्यामागचा नियम मला त्याच वाचनात सापडला. माझ्या जन्माच्या आधी एका मराठी माणसाने हे लिहून ठेवले होते आणि गोंड मुलांना शिकवायला निघालेल्या माझ्यापर्यंत ते कोणी पोहोचवले नव्हते. अधिकारी होते म्हणून त्यांना भाषा शिकायला वेळ मिळाला असेल असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, अधिकारी असूनही ते ज्यांच्यावर अधिकार गाजवायचा त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसले.

त्या फेरीत मी केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेलाही गेलो. पुष्य अमावास्येची ती थंडगार रात्र, बैलगाड्यांच्या खाली पेटलेल्या शेकोट्या, आणि एका झाडाखाली किंगरी हे तंतुवाद्य घेऊन बसलेला परधान. परधान हे गोंडांचे गायक, वंशावळी आणि देवांच्या कथा तोंडपाठ राखणारे. तो गोंडीत गात होता. गाणे थांबले तेव्हा त्याने नातवाला हाक मारून मराठीत चहा आणायला सांगितले. त्या भागातल्या परधानांच्या घरात मराठी बोलतात हे मी वाचले होते, पण कानांनी ऐकले तेव्हा अंगावर काटा आला. गोंडांच्या स्मृतीचा ठेवा पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सांभाळला त्यांची घरची भाषा मराठी. म्हणजे मराठी माणसाला गोंडी येऊच शकत नाही, किंवा मराठी आली की गोंडी जाणारच, हे दोन्ही समज त्या किंगरीवाल्यापुढे टिकत नाहीत. त्याच्या एका तोंडात दोन्ही भाषा आपापल्या जागी सुखाने नांदत होत्या. शाळेला ते जमले नाही.

मारलावाईचा प्रयोग टिकला नाही. हैदराबाद राज्य गेले, १९५६ मध्ये भाषावार प्रांत झाले, जिल्हा तेलुगू राज्यात गेला आणि शाळेची भाषा तेलुगू झाली. ज्या भाषावार प्रांतरचनेसाठी आपल्याकडे माणसांनी प्राण दिले त्या रचनेत गोंडीला प्रांत नव्हता. चांदा महाराष्ट्रात, बैतूल-मंडला मध्य प्रदेशात, बस्तर तेव्हा मध्य प्रदेशात आणि आता छत्तीसगडात, आदिलाबाद तेव्हा आंध्रात आणि आता तेलंगणात. एकाच भाषेची मुले मराठी, हिंदी, तेलुगू अशा वेगवेगळ्या शाळांत गेली आणि पन्नास वर्षांत त्यांच्या गोंडीत इतके परके शब्द शिरले की एका राज्यातल्या गोंडाला दुसऱ्या राज्यातल्याचे बोलणे अडू लागले. प्रमाण गोंडी शब्दकोश करण्यासाठी निरनिराळ्या राज्यांतले गोंड अलीकडच्या काळात एकत्र बसू लागले ते या तुटलेपणामुळेच. मराठी भाषकांच्या एकत्र येण्याचा मला अभिमान आहे. १ मे हा दिवस मी शाळेत दरवर्षी मनापासून साजरा केला. त्या दिवशी माझ्यासमोर रांगेत उभी असलेली मुले मात्र त्याच रेषांनी विभागली गेली होती, हे मला फार उशिरा उमगले.

कायदा मुलांच्या बाजूने आहे. घटनेतले कलम ३५० क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करण्यास सांगते, तेही १९५६ पासून. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही शिकवण्याचे माध्यम व्यवहार्य असेल तोवर मुलाची मातृभाषा असावी असे म्हटले आहे. ‘व्यवहार्य असेल तोवर’ या तीन शब्दांत माझी सगळी नोकरी गेली. २०११ च्या जनगणनेत गोंडी भाषक म्हणून नोंदलेले २९ लाखांहून अधिक होते, आणि गोंड म्हणून नोंदलेले लोक एक कोटीच्या वर. या दोन आकड्यांमधले अंतर हे शाळेचे, बाजाराचे आणि लाजेचे मिळून पडलेले अंतर आहे. संथाळी आणि बोडो २००३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्य भाषांच्या यादीत, आल्या, गोंडी अजून बाहेर आहे. त्याच जनगणनेत संस्कृत मातृभाषा सांगणारे २४,८२१ होते आणि संस्कृत अनुसूचीत आहे. तिचे असणे मला मान्यच आहे. गोंडीच्या वेळी मात्र संख्या, लिपी, साहित्य अशा अटी एकेक करून का निघतात, एवढेच विचारायचे आहे. लिपीचे म्हणाल तर आदिलाबादच्या गुंजाळा गावात गोंडी लिपीतली हस्तलिखिते सापडली आहेत, आणि बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये वेगळी लिपी तयार केली होती. दोन्ही आज संगणकावर लिहिता येतात.

२०२५ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदीची सक्ती आली तेव्हा मी त्याविरुद्ध सभेला गेलो, पत्रांवर सह्या केल्या. सहा वर्षांच्या कोवळ्या मुलावर परकी भाषा लादू नका, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, मूल आपल्या भाषेत विचार करते, ती मोडली तर मूल मोडते, असे एकाहून एक जाणकार तिथे बोलत होते. २९ जूनला ते आदेश मागे घेतले गेले आणि मला मनापासून आनंद झाला. पण त्या सभेत बसल्या बसल्या मला माझा वर्ग दिसत होता. व्यासपीठावरच्या एकेका वाक्यातला ‘मराठी’ हा शब्द काढून तिथे ‘गोंडी’, ‘कोरकू’, ‘भिली’ ठेवला तर वाक्य जसेच्या तसे खरे राहत होते. मी उठून तसे म्हणालो. कोणी विरोध केला नाही. अध्यक्षांनी मान डोलावली, “हो, तेही पाहायला हवे” म्हटले आणि पुढच्या वक्त्याला बोलावले. मी त्यांना दोष देत नाही, तीस वर्षे मीही तेच केले होते. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा माझ्या घरी गोड झाले. आता ती थोरली झाली असेल तर घरातल्या धाकट्यांच्या ताटाकडे तिचे लक्ष हवे, एवढी अपेक्षा मी तिच्याकडून करतो, कारण ती माझी भाषा आहे.

पालकांची बाजू मात्र सरळ नाही, आणि ती बाजूला सारून लिहिणे अप्रामाणिक ठरेल. मी वहीतली गोंडी वर्गात वापरू लागलो तेव्हा एक बाप मला भेटायला आला. हातातली कुऱ्हाड त्याने बाहेर भिंतीला टेकवून ठेवली, चप्पल काढली आणि म्हणाला, “गुरुजी, पोराले साहेबाची भाषा शिकवा. आमची तं तो घरीच शिकते.” तो काही चूक बोलत नव्हता. फॉरेस्टच्या नाक्यावर, तहसिलीत, दवाखान्यात भाषा येत नाही म्हणून त्याने जे सोसले होते ते आपल्या मुलाने सोसू नये एवढेच त्याला हवे होते. मी त्याला म्हटले, मराठी शिकवणारच आहे, नीट शिकवणार आहे, पण तिच्यापर्यंत त्याच्याच भाषेचा हात धरून नेतो. त्याला ते पटले की नाही मला कळले नाही. पण त्या वर्षी पहिलीची मुले दिवाळीपर्यंत गप्प राहिली नाहीत. पोळ्यालाच वर्गात बोलू लागली, आणि मार्चमध्ये त्यांचे मराठी वाचन माझ्या आधीच्या कोणत्याही वर्गापेक्षा चांगले होते. मी काही मोठी पद्धत वापरली नव्हती. पहिले तीन महिने गोष्टी, मोजणी आणि प्रश्न गोंडीत, उत्तर कोणत्याही भाषेत, आणि कोणाच्याही उच्चाराला हसायचे नाही. ज्याला हसू येईल त्याने गोंडीतले एक वाक्य म्हणून दाखवायचे.

हजेरीपटाचीही एक गोष्ट आहे. मंगरू, बुधू, सोमारू अशी वारांवरून ठेवलेली नावे पटावर लिहिताना माझ्या आधीचे शिक्षक मंगेश, बुधाजी, सोमनाथ करत आले होते आणि मीही दोन वर्षे केले. नाव ‘चांगले’ दिसावे हा हेतू होता. जन्मतारीख तर सगळ्यांचीच १ जून. पुढे दाखल्यावर तेच नाव, जात पडताळणीत तेच, आणि आजोबाच्या कागदाशी नातवाचे नाव जुळेना म्हणून हेलपाटे त्यांनाच. तिसऱ्या वर्षापासून मी आई सांगेल ते नाव लिहू लागलो.

ग्रामसभांना हे सारे माझ्यापेक्षा चांगले कळते. धानोरा तालुक्यातल्याच लेखा-मेंढा गावाने फार पूर्वी म्हटले, “मावा नाटे माटे सरकार”, आमच्या गावात आम्हीच सरकार. हे घोषवाक्य गोंडीत होते म्हणूनच गावातल्या म्हाताऱ्या बायाही ते स्वतःचे म्हणून बोलत. त्याच तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा काढली. ती मान्यतेच्या पेचात सापडली आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. ज्या गावाने स्वतःच्या खर्चाने घटनेतले कलम अमलात आणले त्यालाच शाळा बेकायदा असल्याचे कागद आले, याचा मला संताप येतो. दुसरीकडे सरकारी योजनेतून आदिवासी मुले शहरातल्या नामांकित इंग्रजी निवासी शाळांत जातात. तिथे त्यांचे राहणे-जेवणे बरे असेल, इंग्रजीही येत असेल, पण वर्षाचे दहा महिने त्यांच्या कानावर घरची भाषा पडत नाही.

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा त्या गावी गेलो. तेंदूपत्त्याचा हंगाम होता. ज्याच्या पाठीत मी धपाटा घातला होता तो आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे, ग्रामसभेच्या फळीवर, म्हणजे तेंदूपाने गोळा करण्याच्या जागी, पुड्यांचा हिशेब ठेवतो, मराठीत सुवाच्य लिहितो. मी त्याची माफी मागायला गेलो होतो. त्याला ती गोष्ट आठवत होती. तो एवढेच म्हणाला, “तुम्ही नंतर शिकले ना, गुरुजी.” आणि बसायला बाज ओढली.

त्याची नऊ वर्षांची मुलगी सुट्टीत घरी आली होती, ती अशाच एका निवासी शाळेत शिकते. अंगणात आजीने पाने जुळवून बांधलेले पुडे ठेवले होते. बापाने मुलीला गोंडीत मोजायला सांगितले. ती लाजली, मग एकेका पुड्यावर बोट ठेवत म्हणाली, “उंदी, रंड, मुंड, नालुंग...” आणि थांबली. तिने आजीकडे पाहिले. आजीने हातातली दोरी न सोडता पुढचे सांगितले, “सयुंग, सारुंग, येडुंग.” मी सवयीने मनात रेघ ओढली. आजी थांबली नाही. “अर्मुर,” ती म्हणाली आणि आठवा पुडा बाजूला सरकवला.

मी पिशवीतून वही काढली. चौतीस वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या पानावर रेघेखाली जागा होती. मी ‘अर्मुर’ लिहिले आणि विचारले, “आणि नऊ, आजी?” तिने दोरी मांडीवर ठेवली. ओठ हलवून ती मनातल्या मनात पहिल्यापासून पुन्हा मोजत आठपर्यंत आली, दोनदा आली. नातही आता तिच्या तोंडाकडे पाहत होती. “माझ्या मायले येत होतं,” आजी म्हणाली, आणि नववा पुडा हातात धरून तशीच बसून राहिली.